बाजूला पडलेला ढीग वाचायला लावणाऱ्या वकील मॅडमना

आदरणीय वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पदव्युत्तर संशोधनातून वेळ काढून लवादात, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद सोडवताना, एआय कसं वापरायचं हे ठरवणाऱ्या आमच्या कार्यपद्धती आदेशाचा मसुदा तुम्ही ओळ न ओळ तपासलात, त्याबद्दल मनापासून आभार.

‘एआय वापरल्यास जाहीर करावं’ हे वाक्य तुम्ही खोडलंत ते योग्यच होतं. त्यात शुद्धलेखन तपासणंही आलं असतं, आणि साक्षीदाराचं निवेदन यंत्राकडून लिहून घेणारा पक्षकार ‘वापरलं’ एवढंच सांगून मोकळा झाला असता. यंत्राने नेमकं काय काम केलं, ते कोणी तपासलं, गोपनीय कागद बाहेरच्या सर्व्हरवर गेले का, असं आता कलमातच विचारलं आहे.

पण सगळ्यात मोठं ऋण कागदपत्रांच्या छाननीबाबतचं. यंत्राने निवडलेले कागद सगळेच वाचतात. ‘असंबद्ध’ म्हणून टाकलेल्या ढिगातून यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखा) नमुना काढून वकिलाने स्वतः वाचावा, हा तुमचा आग्रह. समजा १,००,००० कागद टाकले, त्यांतले १,५०० वाचले आणि कामाचा एकही निघाला नाही. तरी ढोबळ नियमाने ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की ढिगातल्या कामाच्या कागदांचं प्रमाण जास्तीत जास्त ३ भागिले १,५००, म्हणजे ०.२ टक्के असेल. ढिगात २०० कामाचे कागद अजून असू शकतात! करारभंगाची कबुली देणारा त्यांतला एक ईमेल पुरेसा आहे. त्रोटक मेसेज, हस्ताक्षरातल्या नोंदींचे स्कॅन आणि दुसऱ्या भाषेतले कागद यांत यंत्राला पकडायला मजकूरच कमी मिळतो. म्हणून त्यांचा नमुना वेगळा काढायचा, हेही तुमचंच.

निवाड्याबद्दलचा इशाराही आदेशात घेतला आहे. यंत्राने सुचवलेला मुद्दा पक्षकारांसमोर न ठेवता निवाड्यात आला, तर परदेशी लवाद-निवाड्यांच्या अंमलबजावणीबाबतच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराच्या कलम ५ खाली ‘बाजू मांडता आली नाही’ हा आक्षेप उभा राहतो. फ्रान्सच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत देशांतर्गत लवादासाठी लवादक नैसर्गिक व्यक्तीच (हाडामांसाचा माणूसच) असावा असं स्पष्ट आहे. इतरत्र लिहिलेलं नसलं तरी निर्णय लवादकानेच करायचा.

एक विनंती. लवादाचे निवाडे बहुधा गोपनीय राहतात, न्यायालयात आव्हान दिलेलेच जास्त उजेडात येतात. त्यांवर शिकलेलं, निकालाचा अंदाज सांगणारं भाकीत-यंत्र वादग्रस्त निवाड्यांकडे झुकणारच. त्यावरचं तुमच्या प्रबंधातलं प्रकरण तयार झालं की आम्हाला वाचायला द्यावं.

आपले,
लवाद मंडळांचे सचिव म्हणून काम करणारे आम्ही सगळे