छप्पर पुलाच्या लाकडासाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्वित्झर्लंडमधील लूसर्नच्या लाकडी पुलाबद्दल वाचले. ‘वाटसरूंना ऊन-पाऊस लागू नये म्हणून घातलेले छप्पर’ हे त्यातले वाक्य मात्र खटकले. वाटसरूंना आडोसा मिळतो हे खरेच, पण लाकडी पुलावर छप्पर घालतात ते मुख्यतः पुलाच्या लाकडासाठी.

लाकूड नुसत्या भिजण्याने जात नाही. पाणी मुरते ते सांध्यांत, जिथे तिरपा दांडा तुळईच्या खाचेत बसतो आणि वारा पोहोचत नाही. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते आणि सांधा आतून पोकळ होत जातो. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. म्हणूनच वर छप्पर आणि बाजूंना फळ्या. कोकणात झड लागू नये म्हणून मातीच्या भिंतींना झापे बांधतात, तसेच हे. झिजायचे ते छप्पर झिजते, ते बदलता येते. भार पेलणारी लाकडे कोरडी राहतात.

1805 साली फिलाडेल्फियात टिमथी पामरने बांधलेल्या पुलावर छप्पर घालायचा आग्रह न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांचा. उघडा पूल दहा-बारा वर्षे आणि झाकलेला तीस-चाळीस वर्षे टिकेल, असा खुद्द पामरचा अंदाज होता. न्यूयॉर्क राज्यातला छप्पर असलेला हाइड हॉल पूल 1825 चा आहे आणि आजही उभा आहे! अमेरिकी वास्तुरचनाकार इथियल टाउनने 1820 मध्ये पेटंट घेतलेली पुलाची रचना तर तिरप्या फळ्यांची जाळी, लाकडी खुंट्यांनी जोडलेली. गावातल्या सुतारालाही जमावी अशी.

या पुलांचे खरे वैरी आग आणि पूर. लूसर्नच्या पुलाचा मोठा भाग ऑगस्ट 1993 मध्ये एका रात्रीत जळाला. छताखालची सतराव्या शतकातली बहुतेक चित्रे त्यात गेली. पूल एप्रिल 1994 मध्ये पुन्हा खुला झाला, चित्रे परत येणार नव्हती. ऑगस्ट 2011 च्या आयरीन वादळात न्यूयॉर्कचा 1855 चा ब्लेनहाइम पूल वाहून गेला. चीनच्या फूच्येन प्रांतातला वान-आन पूल ऑगस्ट 2022 मध्ये जळाला.

लूसर्नला आपल्याकडचे पर्यटक मोठ्या संख्येने जातात. पुरवणीत त्या पुलाचे फोटो छापताना 1993 च्या आगीबद्दल दोन ओळी आणि पुलावर सिगारेट पेटवू नका ही सूचनाही जरूर छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, रत्नागिरी