आधी यूटीआर मागणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

जळगावच्या तंत्रमेळाव्याची ऑनलाइन नोंदणी तुम्ही धुळ्यात बसून मार्गी लावून दिलीत. नोंदणीचं काम पाहणारे आम्ही सगळे तुमचे मनापासून आभार मानतो. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही घालून दिलेली पद्धत चोपडा, शिरपूर, शहाद्याकडच्या आयोजकांच्याही कामी येईल.

बहुतेक फोनवर एकच तक्रार असते : ‘पैसा कटी ग्यात, पन तिकीट उनं नही.’ त्यावर ‘परत भरून बघा’ असं सांगितलं जातं आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. पहिला व्यवहार पेंडिंग असतो, दुसरा लगेच होतो, तासाभरानं पहिलाही यशस्वी ठरतो आणि एका मुलाची फी दोनदा जाते. तुम्ही कुणालाही घाईनं दुसऱ्यांदा भरू दिलं नाही. आधी १२ अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेकडचा क्रमांक, मागितलात. काही ॲप अक्षरांनी सुरू होणारा स्वतःचा लांब क्रमांकही दाखवतात आणि मुलं तोच पाठवतात, तेव्हा खालचा निव्वळ आकड्यांचा क्रमांक कुठे बघायचा तेही सांगितलंत. मग गेटवेच्या, म्हणजे आपल्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, डॅशबोर्डवर (व्यवहारांची यादी दाखवणाऱ्या पानावर) तो शोधायचा. फेल्ड असेल तरच नव्याने भरायचं, पेंडिंग असेल तर थांबायचं, आणि पैसे पोचलेले असतील तर ऑर्डर क्रमांकाशी जुळवून तिकीट हातानं द्यायचं.

पण प्रत्येक तक्रार अशी निस्तरत बसण्यापेक्षा तुम्ही मुळाशी गेलात, त्याचं मोल आम्हाला जास्त आहे. फॉर्म ब्राउझरमध्ये भरायचा आणि पैसे यूपीआय ॲपमध्ये जाऊन द्यायचे. कमी रॅमच्या फोनमध्ये तेवढ्या वेळात अँड्रॉइड मागचा ब्राउझर बंद करून टाकतो. पैसे पोचतात, पण ‘नोंदणी झाली’ हे पान परत उघडतच नाही. आमची तिकिटं त्या पानाच्या भरवशावर निघत होती. तुम्ही ते काम वेबहुकवर नेलंत, म्हणजे गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट कळवतो. मग विद्यार्थ्याचा फोन मध्येच बंद पडला तरी तिकीट निघतं.

त्यातलीही एक खोच तुम्हीच पकडलीत. वेबहुक आल्यावर सर्व्हर आधी तिकिटाची पीडीएफ बनवायचा, ईमेल पाठवायचा आणि मग उत्तर द्यायचा. उत्तराला उशीर झाला की गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो, त्यामुळे एकाच पैशात दोन तिकिटं. आता निरोप खरंच गेटवेचाच आहे ना हे त्याच्यासोबतच्या डिजिटल सहीवरून तपासायचं, ऑर्डर क्रमांक आधी नोंदला गेलाय का ते बघायचं, नोंद करून लगेच २०० (‘निरोप मिळाला’ असा सर्व्हरचा संकेत) असं उत्तर द्यायचं, आणि पीडीएफ, ईमेल मागाहून रांगेत. चार ओळींचा बदल, पण दोन तिकिटांची भानगड त्यानं मिटली.

यावल-रावेरकडच्या मुलांची अडचण निराळी. खातं वडिलांचं, बँकेत नंबरही त्यांचाच, आणि ते केळीच्या बागेत. ओटीपी तिकडे जातो, इकडे पानाची वेळ संपते. तेव्हा ‘वडिलांना फोन करून ओटीपी विचार’ असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. त्याच ऑर्डरची पेमेंट लिंक वडिलांच्या फोनवर पाठवायची सोय केलीत. ते सवडीनं स्वतः भरतात आणि नोंदणी मुलाच्याच नावावर राहते. ओटीपी आणि यूपीआय पिन कुणी कुणाला सांगायचा नाही, हा नियम पाळूनही काम होतं, हे त्या घरांना दिसलं.

कार्ड नाकारलं गेलं की मुलं वेबसाइटला दोष देतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू होऊन येतं, ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावा लागतो. ही सूचना तुम्ही पैसे भरायच्या बटणाच्या वरच लावलीत, म्हणून ती वाचली गेली. ‘जीमेल डॉट कॉन’सारखे चुकलेले पत्ते फॉर्मनेच पकडावेत, हीही तुमचीच सूचना.

परताव्याचं तुम्ही फार नीट समजावलंत. दुकानदाराला किंवा आयोजकाला यूपीआयनं दिलेले पैसे खात्यातून गेले पण त्याच्याकडे खात्रीचा निरोप पोचला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर जाता येतं. मात्र दोनदा भरलेले पैसे आयोजकाच्या खात्यात आलेलेच असतील, तर ते परत करणं ही आयोजकाची जबाबदारी. अशा मुलांना बँकेचे हेलपाटे घालायला लावू नका, हे तुम्ही आम्हाला ठणकावून सांगितलंत. परतावाही डॅशबोर्डवरूनच, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात. व्हॉट्सॲपवर आलेल्या नंबरवर एक रुपयाही नाही, कारण तो नंबर कुणाचा हे तपासायची सोय नसते आणि हिशोबही जुळत नाही.

ताई, एक विनंती. ऑर्डर क्रमांक, यूटीआर, रक्कम, स्थिती आणि परताव्याची तारीख असे रकाने असलेली तुमची ताळमेळाची शीट आम्हाला इतर कॉलेजांना द्यायची आहे. नावं, मोबाइल आणि ईमेल काढून फक्त रिकामा साचा देऊ. तुमचा होकार आला की पाठवतो.

आपले कृतज्ञ,
नोंदणी विभागाचे सर्व स्वयंसेवक, जळगाव