सिस्टर, तुम्ही आमच्या घरी चहा प्यायलात

सिस्टर,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. विचारलं असतं तर "अहो ताई, ड्युटीच आहे ती माझी" म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून न विचारता लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. परवा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मायच्या नावाची पहिली घागर भरली, वर खरबूज ठेवलं, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. माय गेली त्या दिवशी घरात इतकी गर्दी होती की तुम्ही कधी आलात आणि ओट्यावरूनच हात जोडून कधी परत फिरलात, ते मला दुसऱ्यांकडून कळलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मायला गालाचा कॅन्सर होता. अमळनेर-पारोळ्याकडच्या आमच्या गावांत तिच्या वयाची, मिश्री न लावणारी बाई शोधूनच काढावी लागेल. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि पहाटे उठल्या उठल्या दातांना घासायची. लग्न होऊन आली तेव्हापासून मायचा दिवस असाच उजाडायचा. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, मधले काही महिने बरे गेले आणि गाठ पुन्हा उठली. शहरातल्या ज्या मोठ्या दवाखान्यात आम्ही कापसाचे सगळे पैसे ओतले होते, तिथल्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि मान वर न करता सांगितलं, "आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या, सेवा करा."

सेवा करायला आमची ना नव्हतीच. पण ती कशी करायची? रात्री कळ उठली तर काय द्यायचं, जखमेतून रक्त आलं तर काय दाबून धरायचं, घोट गिळता येत नाही तर गोळी पोटात कशी जाणार, हे सांगायला त्या एवढ्या मोठ्या इमारतीत एकालाही पाच मिनिटं सापडली नाहीत. एका तरुण डॉक्टरला मात्र वेळ होता. "मिश्री लावताना विचार करायचा ना आजी," तो तिच्या तोंडावर म्हणाला. माय शिकलेली नव्हती, पण बहिरी नव्हती. परतीच्या गाडीत ती पदर तोंडावर ओढून बसली ती घर येईपर्यंत.

मग रात्री सुरू झाल्या. गोधडीचं टोक मुठीत आवळून ती पहाटेची वाट बघायची. तालुक्याला सुई देऊन आणायचो, दोन तास बरे जायचे, पुन्हा तेच. असह्य दुखण्यावरचं औषध म्हणून मॉर्फिनचं नाव मी कुठंतरी वाचलं होतं. मेडिकलवाले म्हणाले, आम्ही ठेवत नाही. एक डॉक्टर म्हणाले, नको, सवय लागेल. सत्तरी ओलांडलेली, महिन्यांची सोबती असलेली बाई. तिला कसली सवय लागण्याची भीती वाटत होती त्यांना? हा प्रश्न मला अजून रात्री उठवतो, आणि राग अजून तेवढाच येतो.

आता वासाबद्दल. लिहायला जीव कचरतो, पण ते टाळलं तर तुम्ही काय केलंत हे कुणाला कळणारच नाही. जखम गालातून बाहेर फुटली होती. तिचा वास दोन खोल्यांत भरून ओट्यापर्यंत यायचा. भेटायला आलेली माणसं उंबऱ्यापाशीच थबकायची, बायका बोलता बोलता पदर नाकाला लावायच्या. आमच्या घरातून चहा घेतल्याशिवाय कुणी गेलंय असं मायच्या राज्यात कधी घडलं नव्हतं. शेतात वाट चुकलेला माणूस असो की बँकेचा वसुलीवाला, आधी चहा. आणि आता जो तो म्हणे, आत्ताच घेऊन आलो, पित्त झालंय, उपास आहे. वहिनी आपली आधण ठेवायची आणि उतरवायची. माय खाटेवरून सगळं ऐकायची. बोलणं जड झालं होतं, पण कानांना काय झालं होतं? हळूहळू तिनं भिंतीकडे तोंड केलं. आपलं ताट-तांब्या वेगळा करायला लावला. आणि एका संध्याकाळी, भाऊ दारात असताना, तिनंच सांगितलं, "माले गोठामा टाका."

जिनं हे घर उभं केलं ती बाई स्वतःहून गोठ्यात जायला निघाली होती.

आशाताईंनी तुम्हाला फोन केला तो त्याच आठवड्यात. सरकारी दवाखान्यातून पॅलिएटिव्हची, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणारी, नर्स घरी येते म्हणाल्या. खरं सांगते, मला वाटलं एक फॉर्म भरून जाईल. भर दुपारी, उन्हात गाडी चालवत आलात. चपला बाहेर काढल्यात. भावानं खुर्ची पुढं केली, तुम्ही तिच्याकडं पाहिलंही नाही. सरळ मायच्या खाटेवर बसलात, आणि तेही जखमेच्या बाजूला. आम्हाला काही विचारायच्या आधी तिला विचारलंत, "कोठे दुखस, माय?" तोवरच्या दवाखान्यांत सगळे आम्हालाच विचारायचे, पेशंटला काय होतंय म्हणून. पेशंट समोर बसलेली असायची.

तिचं सगळं ऐकून झाल्यावर, पिशवी उघडायच्याही आधी, तुम्ही म्हणालात, "माय, चहा पाजस का नही माले?"

वहिनी चुलीपाशी होती, ती जागच्या जागी थांबली. मायनं मान वळवली. तुमच्याकडं बराच वेळ बघितलं, खरंच मागताय की तोंडदेखलं, ते जोखत असल्यासारखं. मग तिचा हात वर झाला आणि त्या सुजलेल्या, वाकड्या तोंडातून हुकूम आला, "दूध जास्ती टाक वं." शब्द अर्धेमुर्धे होते, पण सूर तोच होता, आम्ही लहानपणापासून ऐकलेला. वहिनीला रडू फुटलं. तरी दूध जास्तीच पडलं.

तुम्ही तो चहा तिच्या शेजारी बसून प्यायलात. मास्क खाली घेऊन, बशीत ओतून, फुंकर मारत. एका घोटात संपवून सुटका करून घेतली नाहीत. अध्येमध्ये कापूस किती निघाला, म्हशीचं कितवं वेत, असं तिला विचारत होतात, आणि माय उत्तरं देत होती. बशी खाली ठेवून "माय, जखम बघू का आता?" म्हणालात, तेव्हा तिनं स्वतः पदर बाजूला केला. आम्हाला ती तसा करू द्यायची नाही.

पुढचं ड्रेसिंग, कागदपत्रं, त्यात मी शिरत नाही. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर टाकायला तुम्ही आम्हाला शिकवलंत आणि काही दिवसांत वास इतका उतरला की शेजारची काकू आत येऊन बसली. वास औषधानं गेला हे खरंच आहे. पण गोठ्याचं नाव मायनं त्या चहानंतरच सोडलं होतं, वास घरभर असताना.

तिच्या मिश्रीबद्दल तुम्ही एकदा विचारलंत, कागदावर लिहिलंत आणि परत कधी तो विषय तिच्यासमोर काढला नाहीत. जाताना गल्लीतल्या तरण्या सुनांना मात्र थांबवून डब्या फेकायला सांगितलंत. बोलायचं ते कुणाशी, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं.

डॉक्टरांच्या सहीनं मॉर्फिन सुरू झालं. तुम्ही भावाच्या मोबाईलमध्ये चार-चार तासांचे गजर लावून दिलेत. दुखायला लागायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. रात्री झोपमोड नको म्हणून झोपतानाचा डोस वाढीव. गोळीनं पोट हमखास बांधलं जातं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून. पहिल्या रात्री माय इतकी शांत झोपली की वहिनी दोनदा उठून तिच्या नाकापाशी हात धरून आली. सकाळी उठून मायनं ज्वारीच्या पिठाची पातळ पेज मागितली.

नंतर मी यावर मिळेल ते वाचलं. मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि औषधासाठीची अफू सरकारी परवान्यानं मंदसौर-नीमचच्या शेतांत पिकते. सातपुडा, नर्मदा ओलांडून आणखी उत्तरेला गेलं की तोच मुलूख. म्हणजे अर्ध्या जगाला पुरवावं असं औषध आपल्याच मातीत निघतं, आणि आमची माय त्याच्यावाचून गोधडी आवळत पडली होती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं अशी धास्ती बसवली की दवाखान्यांनी ही गोळी ठेवायचंच सोडलं. कायदा २०१४ मध्ये सुधारला, परवान्यांचं जंजाळ कमी झालं. पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम तर २०१२ पासून आहे. कागदावर सगळं आहे. फाईल मिटताना त्या मोठ्या डॉक्टरांनी एवढं एक वाक्य सांगितलं असतं की जिल्ह्याला अशी सोय आहे, तिथं जा, तर मायच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

तिकडं इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची सेवा करणारं ठिकाण, उभं केलं. डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधी त्या नर्स होत्या. शरीराची कळ, मनाची घालमेल, आपण घरच्यांना ओझं झालो ही बोच, हे सगळं मिळून माणसाचं एकच दुखणं असतं, असं त्यांचं सांगणं. वाचताना मला मायचा गोठा आठवला. त्याच देशात वरचं शिक्षण घेतलेल्या नर्सला मॉर्फिनसुद्धा स्वतः लिहून देता येतं, २०१२ पासून. आपल्याकडं त्या चिठ्ठीसाठी डॉक्टरच लागतात. तुम्हाला तो अधिकार हवा का, हे मी ठरवणारी कोण? पण मायचं दुखणं कुठं, किती आणि कशानं उठतं, हे त्या सगळ्या साखळीत तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

शेवटच्या दिवसांत तिचं खाणं सुटलं तेव्हा सगळं गाव सलाईनवर अडून बसलं. "बाटली लावा, ताकद येईल." मामा तर भांडायलाच उठले होते, उपाशी मारता का बहिणीला म्हणून. तुम्ही मामांना ओट्यावर घेऊन बसलात. शरीर मिटत आलं की भूक आधी जाते, आता बाटलीतलं पाणी ताकद देणार नाही, अंगावर सूज चढेल आणि छातीत भरून श्वास जड होईल, असं एकेक करून समजावलंत. आणि मग त्यांच्याच हातात ओल्या फडक्याची वाटी दिलीत, ओठ ओले करत राहा म्हणून. मामा तिथून हलले नाहीत. भावाला बहिणीसाठी करायला काहीतरी हवं होतं, ते तुम्ही दिलंत. घशात घरघर सुरू होईल, तुम्हाला भीती वाटेल, पण तिला त्याचा त्रास होत नसतो, हेही तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं. म्हणून ती रात्र आम्ही गाडी शोधण्यात आणि दवाखान्याच्या दारात घालवली नाही. माय तिच्या खाटेवर होती आणि आम्ही सगळे तिच्याजवळ होतो.

लोक म्हणतात, माणसाशी माणसासारखं वागायला काय शिक्षण लागतं. मला आता ते पटत नाही. आमच्या घरी आलेले नातेवाईक काही वाईट नव्हते. त्यांचा मायवर जीव होता, तरी ते उंबऱ्यात अडकले. कुठं बसायचं, आधी कुणाशी बोलायचं, काय मागायचं, कशाबद्दल गप्प राहायचं, हे तुम्ही शिकून, कित्येक घरांत करून, अंगी मुरवलेलं काम आहे. ते नुसत्या चांगुलपणाच्या खात्यावर टाकलं की तुम्हाला गाडीच्या पेट्रोलचे पैसे द्यायची कुणाला गरज वाटत नाही. पण तुम्ही चांगल्या आहात, हेही तितकंच खरं आहे. आशाताई चांगल्या आहेत, ज्यांनी कुणी न सांगता तुमचा नंबर शोधला. गल्लीतला तो पोरगा चांगला आहे, ज्यानं स्वतःच्या घरची जुनी सुती धोतरं धुऊन, उकळून, घड्या करून मायच्या जखमेसाठी आणून दिली आणि नावही सांगितलं नाही. अशी माणसं आहेत म्हणून आम्ही त्या दिवसांतून निभावलो.

एक शेवटचं. भावानं आणि मी मिळून जिल्हा परिषदेत अर्ज दिलाय. प्रत्येक तालुक्याला तुमच्यासारखी एक तरी नर्स असावी, तिच्या फिरतीचा खर्च वेळेवर मिळावा, आणि मॉर्फिन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळावं, एवढंच मागितलंय. गावातल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्यात, मामांची सही पहिली आहे. अर्जाची पोच आलीय, उत्तर अजून नाही. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. काय होतं ते तुम्हाला फोन करून सांगेन.

तुमची,
मायची थोरली लेक