कॉल सेंटरमध्ये शिरा, पण फोनवर मुरू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पदवीचे निकाल लागले की खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरे पुणे-बेंगळुरूची बस धरतात आणि त्यातली बरीच जण कॉल सेंटरमध्ये लागतात. 'त्यात कसले आलेय करिअर' म्हणून नाक मुरडणारे आणि 'एसीत बसून पगार' म्हणून खूश होणारे, दोघांनीही आतले गणित पाहिलेले नसते. तिथे जरूर जावे, पण फोनवर दोन-अडीच वर्षांहून जास्त काढू नयेत, असे माझे मत आहे.

आधी पगार. ऑफर लेटरवर महिन्याची सीटीसी (कंपनीचा एका माणसावरचा एकूण खर्च) २०,००० आणि मूळ पगार १२,००० असेल, तर कंपनीच्या वाट्याचा १,४४० रुपये पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआय (कामगार विम्याचा हप्ता) त्या वीस हजारांतच धरलेला असतो. मुलाच्या वाट्याचे १,४४० आणि पाऊण टक्का ईएसआय कापला की हातात पडतात १६,४०० च्या आसपास. पुण्यात पुरुषांचे आणखी २०० रुपये व्यवसाय करात जातात. कर्नाटकात २५,००० च्या आतल्या पगाराला तो नाही. कॉट बेसिसचे भाडे आणि मेस यातूनच भागवायची.

शिफ्ट ९ तासांची, त्यात तासभर ब्रेक. बोलणे, होल्ड आणि नंतरची नोंद मिळून ५ मिनिटांचा एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) असला, तर दोन कॉलमधला रिकामा वेळ सोडून दिवसाला ७५-८० कॉल होतात. हा आकडा राखायला पोरे नोंद अर्धवट टाकतात, मग तोच ग्राहक दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो आणि 'रिपीट' पहिल्याच्याच नावावर चढतो. क्वालिटीवाले महिन्यात मोजकेच कॉल ऐकतात. त्यात खातरजमा न करता खात्याची माहिती दिलेली सापडली तर 'फेटल': बाकी कॉल कितीही गोड होवो, गुण शून्य, आणि बहुतेक ठिकाणी इन्सेन्टिव्हही जातो. हे बहुधा घाईतच होते. चिडलेला ग्राहक स्वतःच कार्ड नंबर सांगून मोकळा होतो आणि जन्मतारीख विचारायची राहून जाते.

वर जायची वाट अरुंद आहे. पंधरा-वीस जणांमागे टीम लीडर एकच. म्हणून नजर क्वालिटी, ट्रेनिंग, एमआयएस (आकडेवारीचे अहवाल बनवणारा विभाग) किंवा रोस्टर म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक लावणाऱ्या विभागाकडे ठेवावी. अशा अंतर्गत जागांसाठी साधारण वर्षभर एकाच प्रोसेसमध्ये (एकाच ग्राहक-कंपनीच्या कामात) काढलेले लागते आणि शेवटच्या काही महिन्यांचे रेटिंग पाहतात. वॉर्निंग लेटर असले की अर्ज बाजूला. एमआयएसला फाडफाड इंग्रजी नको, एक्सेलमधले पिव्होट आणि व्हीलूकअप यायला हवे. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) लागलेला मुलगा पाच वर्षांत ड्रॉइंग वाचतो, सेटिंग करतो. फोनवरचा तीच स्क्रिप्ट म्हणत राहतो. त्यात बॅलन्स, बिलाची तारीख असले सोपे कॉल आता बॉट घेऊ लागले आहेत. माणसाच्या वाट्याला भांडणेच जास्त येतात.

आपल्याकडच्या मुलांचे खरे भांडवल भाषा. कन्नड आणि मराठी दोन्ही घेणारा माणूस एका खुर्चीत दोन भाषांच्या कॉलच्या रांगा सांभाळतो. त्याने भाषा भत्ता मागावाच आणि तो ऑफर लेटरमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्यावा. एचआरचे तोंडी बोलणे पगाराच्या दिवशी कुणाला आठवत नाही. गाडी अडते ती चॅट आणि ईमेलवर. मराठी माध्यमातली मुले कन्नड सरसर बोलतात, पण लिहिताना ओत्तक्षरापाशी (कन्नड जोडाक्षरापाशी) अडखळतात. सीमाप्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, इथे प्रश्न पगाराचा आहे.

हजार-दीड हजारासाठी दर आठ महिन्यांनी उडी मारणे महागात पडते. नोटीस न देता गायब झालेल्याला रिलीव्हिंग लेटर मिळत नाही आणि पुढच्या कंपनीच्या तपासणीत तेच नडते. पीएफ काढून खाऊ नये, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या खात्यात वर्ग करावा. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. मध्येच पेन्शनचेही पैसे काढले तर ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बेळगाव-खानापूरच्या कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला एक्सेल आणि कन्नड टायपिंगचा वर्ग ठेवावा. संगणक कक्ष दुपारनंतर बहुधा रिकामाच असतो.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव