चहातील फ्लोराइड ही भेसळ नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चहाच्या भुकटीत कंपन्या फ्लोराइड मिसळतात, अशा अर्थाचा मजकूर अधूनमधून मोबाइलवर फिरत असतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या विहिरी-हातपंपांच्या पाण्यातच दात-हाडे बिघडवण्याइतके फ्लोराइड असल्याने असे काही वाचून लोक धास्तावतात. म्हणून, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने हे पत्र लिहिणे अस्थानी ठरू नये. चहात फ्लोराइड असते हे खरे आहे. परंतु ते झाडाने स्वतःच जमिनीतून उचललेले असते.

चहाला आम्लधर्मी जमीन मानवते. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ४.५ ते ५.५. अशा जमिनीत ॲल्युमिनियम विरघळते, फ्लोराइडशी त्याची संयुगे बनतात आणि चहाची मुळे दोन्ही शोषून घेतात. बहुतेक पिकांच्या मुळांना हे ॲल्युमिनियम मारक असते, चहाची वाढ मात्र त्याने सुधारते. वर चढलेले फ्लोराइड पानांत जमा होते आणि तेथून सहसा परत फिरत नाही. म्हणूनच ‘दोन पाने, एक कळी’ अशा कोवळ्या खुडणीत किलोमागे साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम फ्लोराइड सापडते, तर त्याच झुडपाच्या जून पानांत ते १,००० मिलिग्रॅमच्याही पुढे जाते.

ग्लॅडिओलस या शोभेच्या फुलझाडाच्या पानांची टोके याहून कितीतरी कमी फ्लोराइडने करपतात. मग चहा हे सोसतो कसा? पानात आलेल्या फ्लोराइडचा बराच भाग पेशीभित्तिकेतील पेक्टिनसारख्या द्रव्यांशी आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो, काही रिक्तिकेत (पेशीतील साठवणीच्या पोकळीत) कोंडला जातो, त्यामुळे प्रकाशसंश्लेषणाच्या नाजूक यंत्रणेपर्यंत मोकळे फ्लोराइड फारसे पोहोचत नाही. शिवाय पेशीत शिरलेले फ्लोराइड बाहेर ढकलणारे एक प्रथिनही चहात आढळले आहे; यीस्टसारख्या सूक्ष्म जीवांतही त्याचे भाऊबंद आहेत. अर्थात या सोशिकपणालाही मर्यादा आहे. मात्रा फार वाढली की हरितद्रव्य घटते, पानांच्या कडा तपकिरी पडतात, आणि पेरॉक्सिडेज, कॅटालेज यांसारखी बचावाची विकरे (एन्झाइम) वाढवून झाड काही काळ तग धरते.

आता पिणाऱ्यांविषयी. किलोमागे २५० मिलिग्रॅम फ्लोराइड असलेली २ ग्रॅम भुकटी एका कपाला वापरली, तर ते सगळे उतरले तरी अर्धाच मिलिग्रॅम पोटात जाईल, आणि दुधातले कॅल्शियम त्यातलेही थोडे अडवते. दोन-तीन कप पिणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. तिबेट आणि अंतर्गत मंगोलियात जून पाने व काड्यांपासून केलेला विटेसारखा चहा दिवसभर पिण्याची रीत आहे. तेथे त्यामुळे दात आणि हाडे बिघडल्याचे नोंदले गेले असून चीनने अशा चहासाठी किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. अमेरिकेत रोज शंभराहून अधिक पिशव्यांचा चहा सतरा वर्षे पिणाऱ्या एका महिलेच्या हाडांचा विकार २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. हा अतिरेक झाला, पण कारण तेच.

आमच्याकडे मात्र हिशेब वेगळा मांडावा लागतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असे भारतीय मानक सांगते. ज्या गावचे पाणी आधीच या रेषेवर आहे, तेथे शेतमजूर दिवसाला सहा-सात वेळा कडक, बहुधा कोराच चहा घेतो आणि पाण्यातले व भुकटीतले फ्लोराइड एकाच कपात एकत्र येते. पाणी उकळल्याने ते निघून जाते हा समजही चुकीचा आहे, कारण पाणी आटते आणि फ्लोराइड मागे उरते.

तेव्हा भुकटीच्या पुड्यावर फ्लोराइडचे प्रमाण छापले जावे, आणि फ्लोराइडग्रस्त गावांतील आरोग्य तपासणीत दात पाहतानाच दिवसाला किती कप चहा, कोरा की दुधाचा, हेही विचारून नोंदवले जावे, अशी विनंती आपल्या स्तंभातून संबंधितांना करावीशी वाटते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, यवतमाळ