सूचना : ३१ डिसेंबर १९९९ पूर्वी करायची कामे

सर्व सभासद पतसंस्थांना नमस्कार.

साल दोन आकड्यांत ठेवणारा जुना प्रोग्राम २००० चे '००' वाचून १९०० धरतो. १९९८ ची मुदत ठेव २००१ ला संपत असेल, तर ०१ मधून ९८ वजा जाऊन मुदत उणे ९७ वर्षे निघते. त्यावर व्याज कसले लागणार! आमच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत साल सगळीकडे चार आकडी केले आहे. '५० च्या खालचे साल २० ने सुरू होते असे धरा' ही झटपट युक्ती मुद्दाम टाळली, कारण १९३२ साली जन्मलेले ठेवीदार तिच्यात २०३२ चे ठरतात.

नवी आवृत्ती टाकण्याआधी बॅकअपचे दोन वेगळे फ्लॉपी संच करा. रोजच्या कामाच्या मशीनवर तारीख पुढे ढकलून पाहू नका. डाटा नसलेल्या मशीनवर ३१-१२-१९९९, रात्री ११:५८ लावा, मशीन बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. २००० ऐवजी १९८० किंवा १९०० दिसले, तर साल हाताने बदला आणि पुन्हा बंद-चालू करा. तरी टिकले नाही, तर लगेच कळवा.

शुक्रवारी ३१ तारखेला दिवसअखेर झाल्यावर सर्व खात्यांची शिल्लक यादी कागदावर छापून ठेवा. कितीही कागद लागो, हे टाळू नका. लोकांचे कष्टाचे पैसे आहेत. शनिवारी काउंटर उघडण्याआधी मशीनची तारीख तपासा.

२००० ला ४०० ने भाग जातो, म्हणून २९ फेब्रुवारी आहे. त्या मंगळवारचे व्याजही पडताळून घ्या.

३१ च्या रात्री आमची माणसे ऑफिसातच असतील. केव्हाही फोन करा.