डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नव्हे

प्रिय अविनाश,

पत्र मिळालं. 'डिसइंटरेस्टेड काय नि अनइंटरेस्टेड काय, दोन्हींचा अर्थ रस नसलेला असाच, मग भाषांतरात बिघडतं काय?' असं विचारलंयस. बिघडतं, आणि कराराच्या कागदात तर चांगलंच बिघडतं.

सगळा घोळ 'इंटरेस्ट'चा आहे. रस, व्याज आणि हितसंबंध, तिन्ही खाती त्या एकट्याकडे. अनइंटरेस्टेड माणसाला रस नसतो, डिसइंटरेस्टेड माणसाचा हितसंबंध नसतो. खटला चालू असताना जांभया देणारा न्यायाधीश अनइंटरेस्टेड. डोळ्यांत तेल घालून कागद न् कागद वाचणारा, पण निकाल कुणाच्याही बाजूने लागला तरी ज्याला एका पैशाचा फायदा-तोटा नाही, तो डिसइंटरेस्टेड.

तू म्हणशील, त्याला 'इम्पार्शल' आहे की. तो पुरत नाही रे. वादातल्या कंपनीचे शेअर ज्याच्या नावावर आहेत, तो न्यायाधीश मनाने अगदी निःपक्षपाती असू शकेल, पण डिसइंटरेस्टेड नाही. निःपक्षपात मनात असतो, तो कोण मोजणार? हितसंबंध कागदोपत्री तपासता येतो. म्हणून तर अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यात 'डिसइंटरेस्टेड डायरेक्टर' असतात, म्हणजे समोरच्या व्यवहारात स्वतःचं काही गुंतलेलं नसलेले संचालक. तिथे 'निरुत्साही संचालक' लिहिलंस तर हसं होईल.

मात्र कुणी कंटाळा आला या अर्थाने डिसइंटरेस्टेड म्हटलं की आठ्या घालणाऱ्या सोवळ्या मंडळींशी माझं जमत नाही. सतराव्या शतकात या शब्दाला तो अर्थ होताच, आणि अनइंटरेस्टेड तर चक्क निःपक्षपाती अशा अर्थाने वापरत. वाटणी नंतर झाली. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन शब्दकोश आजही डिसइंटरेस्टेडचे दोन्ही अर्थ देतो. आपण तरी काय वेगळं केलं? गीतेतला 'उदासीन' दोन्ही पक्षांपासून अलिप्त असतो, आपला उदासीन तोंड पाडून बसलेला.

वाचताना पुढचा शब्द बघ. 'इन' आला तर बहुधा कंटाळाच. 'पार्टी', 'ऑब्झर्व्हर', 'अॅडव्हाइस' आलं तर हितसंबंध. नुसतं 'डिसइंटरेस्ट' हे नाम दिसलं तर बहुतेक वेळा अनास्था.

तुझ्या मसुद्यात 'हितसंबंध नसलेला' असंच लांबलचक राहू दे. 'निःस्वार्थी' नको, त्याला त्यागाचा वास येतो. 'तटस्थ' चालला असता, पण तो पुन्हा मनाकडेच झुकतो. कलम बाराचा मूळ इंग्रजी मजकूर पाठव, तिथे मला वेगळीच शंका आहे.

तुझा,
सुहास